न झालेल्या लढाईचा हिशेब

१९५४ साली अमेरिकी लष्करातल्या अधिकाऱ्यांची एक तुकडी व्हिएतनाम पाहून आली. तीत इंजिनिअर होते, टेलिफोन-बिनतारीवाले होते, डॉक्टर होते, रसदीचा हिशेब ठेवणारे होते. त्यांनी पाहिलं काय, तर बंदरांतले धक्के, गोदामं, रस्ते, पूल, धावपट्ट्या, भातखाचरं आणि रोगराई. जहाज लागलं तर माल उतरवायचा कुठे, उतरवलेला ठेवायचा कुठे आणि ठेवलेला भर पावसाळ्यात पुढे न्यायचा कशावरून? शौर्याच्या गोष्टींत असल्या प्रश्नांना जागा नसते. तिथे तोफा कडाडतात आणि झेंडे फडकतात. पण ज्यांनी ही माणसं धाडली होती, त्या लष्करप्रमुख जनरल मॅथ्यू रिजवे यांना नेमकी हीच उत्तरं हवी होती.

वॉशिंग्टनमध्ये त्या वर्षी वारं वेगळंच होतं. फ्रेंचांच्या सत्तेखालच्या व्हिएतनाममध्ये, दिएन बिएन फूच्या खोऱ्यात, फ्रेंच फौज १३ मार्चपासून स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या कम्युनिस्ट व्हिएत मिन्हच्या वेढ्यात अडकली होती. आठवड्याभरात फ्रेंच सेनाप्रमुख जनरल पॉल एली मदत मागायला वॉशिंग्टनला आले. संयुक्त सेनाप्रमुख समितीचे अध्यक्ष ॲडमिरल आर्थर रॅडफर्ड यांना तोडगा सुचला होता. मोहिमेचं नाव 'गिधाड'. फिलिपीन्समधल्या तळांवरून बी-२९ विमानं उडवायची, वेढा घालणाऱ्यांवर बाँब ओतायचे आणि अमेरिकी पायदळाचा एकही बूट चिखलात न माखता फ्रेंचांना सोडवायचं. अण्वस्त्रं वापरली तर काय, याचाही विचार काही जण करत होते.

रिजवेंनी नाही म्हटलं. नुसतं नाही म्हणणं सोपं असतं. त्यांनी नाहीच्या पुढे आकडा लिहिला. फ्रेंच निघून गेले आणि चीन मध्ये पडला नाही, तर विजयासाठी अमेरिकेच्या सात डिव्हिजन (एकेक म्हणजे साधारण पंधरा हजार माणसं) लागतील. चीन उतरला तर बारा. आणि अण्वस्त्रं वापरलीत म्हणून पायदळाचा हा आकडा कमी होणार नाही. 'विमानांनी काम भागेल' असं कोरियाच्या वेळीही म्हटलं गेलं होतं आणि तिथे अमेरिकेचे सुमारे ३६ हजार सैनिक गेले होते. त्या युद्धाला शस्त्रसंधी होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

लोकशाहीत सेनापतीने राज्यकर्त्याला 'नाही' म्हणावं का? आपल्याकडे या प्रश्नाची दोन सोपी उत्तरं तयार असतात. पहिलं, सैनिकाने हुकूम पाळावा आणि तोंड बंद ठेवावं. दुसरं, सैन्याला मोकळीक द्या, हे पुढारीच मध्ये तंगडं घालतात. टीव्हीवर रात्री नऊनंतर दोन्ही उत्तरं एकाच वेळी, एकाच आवाजात ऐकू येतात, आणि गंमत म्हणजे कधी कधी एकाच माणसाच्या तोंडून. मला दोन्ही खोटी वाटतात. हुकूम निघाला की तो पाळणं हे सेनापतीचं काम आहेच. पण हुकूम निघण्याआधी त्याची किंमत राज्यकर्त्यापुढे रोखठोक मांडणं हेही त्याचंच काम आहे. ते न करता गप्प राहणाऱ्याला आपण शिस्तीचा म्हणतो. मी त्याला कामचुकार म्हणेन.

रिजवेंची कारकीर्द या बाबतीत बोलकी आहे. त्यांचा जन्म ३ मार्च १८९५चा, व्हर्जिनियातल्या फोर्ट मन्रो या लष्करी ठाण्यातला. वडील तोफखान्यात अधिकारी. १९१७ साली वेस्ट पॉइंट या लष्करी अकादमीतून बाहेर पडले तेव्हा अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली होती, पण यांची नेमणूक झाली मेक्सिकोच्या सीमेवर. तिथून परत वेस्ट पॉइंटला, स्पॅनिश शिकवायला. बरोबरचे फ्रान्समध्ये लढत असताना हे क्रियापदं घोटून घेत होते. आपली कारकीर्द सुरू होण्याआधीच संपली, असं त्यांना वाटलं होतं. पुढे चीनमध्ये तिएन्त्सिन, मग निकाराग्वा, मग फिलिपीन्स. पंचवीसएक वर्षं नोकरी झाल्यावर दुसऱ्या महायुद्धात ८२वी डिव्हिजन हाती आली आणि तिचं रूपांतर छत्रीधारी डिव्हिजनमध्ये करायचं ठरलं.

इथून पुढे लढायांची यादी देता येईल, पण माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी लढाई सप्टेंबर १९४३मधली, जी झालीच नाही. इटली गुपचूप शरण येण्याच्या बेतात होती. वरच्या मुख्यालयात एक झकास योजना शिजली: ८२वी डिव्हिजन रात्रीतून रोमजवळ छत्र्यांनी उतरवायची, इटालियन सैन्य धावपट्ट्या सांभाळेल, रोम हाती येईल, वर्तमानपत्रांचे मथळे मिळतील. मुख्य फौज मात्र सालेर्नोला, दोनशे किलोमीटरहून जास्त दूर उतरणार होती. मध्ये जर्मन. रिजवेंनी आधी दोस्त सैन्याचे तिथले सरसेनापती आयसेनहॉवर यांचे चीफ ऑफ स्टाफ बेडेल स्मिथ यांना गाठलं, मग ब्रिटिश जनरल अलेक्झांडर यांना. अलेक्झांडर म्हणाले, चिंता करू नका, तीन दिवसांत, फार तर पाच दिवसांत तुमच्याशी संपर्क होईल. (दोस्त सैन्य रोममध्ये पोहोचलं ४ जून १९४४ला. नऊ महिन्यांनी.)

कल्पना करा, दोन महिन्यांपूर्वी, ११ जुलैच्या रात्री सिसिलीवर याच डिव्हिजनच्या माणसांना नेणारी २३ विमानं आपल्याच आरमाराच्या आणि तोफांच्या माऱ्यात पडली होती. नकाशावरची रेघ आणि आकाशातलं विमान यांतलं अंतर त्या माणसाने पाहिलं होतं. तो पुन्हा पुन्हा जाऊन बोलला. वरिष्ठांना कंटाळा आला असणार. 'घाबरट' हा शब्दही कुणाच्या ओठांपर्यंत आला असेल. शेवटी एवढीच परवानगी मिळाली की कुणीतरी आधी रोममध्ये जाऊन खरी परिस्थिती पाहून यावी. डिव्हिजनच्या तोफखान्याचे प्रमुख मॅक्सवेल टेलर एका साथीदारासह शत्रूच्या मुलखातून लपतछपत रोमला गेले, इटलीचे पंतप्रधान मार्शल बादोल्योंना भेटले आणि त्यांना कळलं की इटालियन सैन्याच्या भरवशावर धावपट्टी सोडाच, एक चौकही टिकणार नाही. ८ सप्टेंबरला, विमानं उड्डाणाच्या तयारीत असताना मोहीम रद्द झाली.

हा घाबरट माणूस नऊ महिन्यांनी, ६ जून १९४४च्या पहाटेच्या अंधारात, एकोणपन्नासाव्या वर्षी नॉर्मंडीत आपल्या सैनिकांबरोबर छत्रीने उतरला. सेनापतीच्या धाडसाचं माप त्याने किती माणसं मृत्यूच्या तोंडात ढकलली यावर काढायची आपल्याला फार वाईट सवय आहे. रिजवेंनी पुढे आत्मचरित्रात लिहिलं की परमेश्वरासमोर उभं राहायची वेळ येईल तेव्हा आपल्याला सगळ्यात जास्त अभिमान वाटेल तो हजारो माणसांचे जीव घेणाऱ्या खुळचट योजना रोखण्यात आपला हात होता याचा. रोमची मोहीम आणि इंडोचायना, म्हणजे व्हिएतनामचा बेत, दोन्ही त्यांनी त्याच यादीत धरले.

कोरियाबद्दल बोललंच पाहिजे, कारण त्यांच्या 'नाही'ला वजन आलं ते तिथे. डिसेंबर १९५०मध्ये चिनी फौजांच्या माऱ्यापुढे कोरियात लढणारी अमेरिकेची आठवी आर्मी मागे मागे सरत होती. तिचे सेनापती वॉकर जीपच्या अपघातात गेले आणि रिजवे त्यांच्या जागी आले. टोकियोत त्या युद्धाचे सरसेनापती मॅकआर्थरनी त्यांना मोकळीक दिली: आर्मी तुमची, योग्य वाटेल ते करा. आल्या आल्या रिजवेंनी हल्ल्याच्या योजना मागितल्या. एका कोअरच्या मुख्यालयात माघारीच्याच योजना तयार होत्या. पण त्याहून मला आवडते ती दुसरी गोष्ट. त्यांनी जवानांना गरम जेवण मिळतंय का पाहिलं, थंडीचे हातमोजे मिळतायत का पाहिलं, आणि घरी पत्र लिहायला कागद नाहीत ही तक्रार गांभीर्याने घेऊन ते मागवले. जो माणूस कागद आणि हातमोजे मोजतो, तोच उद्या बंदरातले धक्के मोजतो. ४ जानेवारी १९५१ला सोल पुन्हा पडलं. मार्चच्या मध्यावर ते पुन्हा ताब्यात आलं. त्याच महिन्यात मुन्सानच्या परिसरात अमेरिकी छत्रीधाऱ्यांबरोबर आपल्या ६०व्या पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्सचे लोक लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांच्या नेतृत्वाखाली उतरले होते, हे जाता जाता सांगायला हवं.

रिजवेंना संत करण्याचा माझा इरादा नाही. त्यांच्या एका मोहिमेचं नावच 'किलर' होतं. वॉशिंग्टनमधून कुरकुर झाली तरी त्यांनी ते बदललं नाही. त्या युद्धात कोरियन गावांवर जो आगीचा पाऊस पडला, त्यातून कुठलाच अमेरिकी सेनापती हात झटकू शकत नाही.

आता मॅकआर्थर. डिसेंबर १९५०च्या सुरुवातीला पेंटॅगॉनमध्ये एक लांबलचक बैठक चालली होती. फौज अडचणीत, मॅकआर्थर मनमानी करतायत, आणि टेबलाभोवतीचे सगळे बडे लोक त्यांना हुकूम द्यायला कचरतायत. बैठकीनंतर रिजवेंनी हवाई दलप्रमुख व्हँडनबर्ग यांना विचारलं, तुम्ही त्यांना स्पष्ट हुकूम का पाठवत नाही? उत्तर मिळालं, काय उपयोग, ते पाळणारच नाहीत. रिजवे म्हणाले, जो हुकूम पाळत नाही त्याला काढता येतं ना? व्हँडनबर्ग अवाक होऊन त्यांच्याकडे पाहत राहिले आणि निघून गेले.

हा प्रसंग मला महत्त्वाचा वाटतो, कारण 'नाही म्हणणारा सेनापती' हे पद अनेकदा चुकीच्या माणसाला दिलं जातं. मॅकआर्थरही नाहीच म्हणत होते की! पण त्यांनी आपलं मत विरोधी पक्षाच्या संसदीय नेत्याला पत्रातून कळवलं, ५ एप्रिल १९५१ला ते सभागृहात वाचलं गेलं आणि ११ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष ट्रुमननी त्यांना घरी पाठवलं. न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या मिरवणुकीवर टनावारी कागदी फिती उधळल्या गेल्या. त्यांच्या जागी रिजवे नेमले गेले. त्यांच्यासाठी कुणी फीत उधळली नाही. मॅकआर्थर राज्यकर्त्याच्या डोक्यावरून जनतेशी बोलत होते. रिजवे राज्यकर्त्याच्या टेबलावर कागद ठेवून बोलत होते. पहिल्याला सत्ता हवी होती, दुसऱ्याला फक्त उत्तर हवं होतं. दोघांना एकाच तराजूत घालून 'सैनिकांनी राजकारणात पडू नये' असं म्हणणं म्हणजे चोर आणि हिशेबतपासनीस दोघेही तिजोरी उघडतात म्हणून दोघांना बेड्या घालण्यासारखं आहे.

तर १९५४. ३ एप्रिलला परराष्ट्रमंत्री डलेस आणि रॅडफर्ड यांनी संसदेतल्या आठ नेत्यांना बोलावलं. त्यांत टेक्सासचे लिंडन जॉन्सन होते. कुणीतरी साधा प्रश्न विचारला: बाकीच्या सेनाप्रमुखांना हे मान्य आहे का? रॅडफर्डना नाही म्हणावं लागलं. दुसरा प्रश्न: बरोबर कोण येणार आहे? ब्रिटन यायला तयार नव्हतं. योजना तिथेच लंगडली. दिएन बिएन फू ७ मे रोजी पडलं, आणि हस्तक्षेपाचा विषय पुढे काही आठवडे धुमसत राहून विझला.

यात रिजवेंचा वाटा किती, यावर वाद घालता येतो. संसद आणि लंडन यांनी हात आखडता घेतला नसता, तर एका सेनापतीचा कागद पुरला असता का? एकट्याने नसता पुरला, असं मलाही वाटतं. शिवाय ऐकणारा माणूस आयसेनहॉवर होता, महायुद्धातला सरसेनापती आणि आता राष्ट्राध्यक्ष. सात डिव्हिजन म्हणजे किती जहाजं, किती इस्पितळं, किती पत्रं घरी जातात हे त्याला सांगावं लागत नव्हतं. पण एवढं खरं, की टेबलावर आकडा होता म्हणून 'नाही' म्हणणाऱ्या प्रत्येकाला आधार मिळाला. आकडा नसता तर फक्त मतं उरली असती, आणि मतांच्या लढाईत जोरात बोलणारा जिंकतो.

बक्षीस काय मिळालं? त्याच काळात सरकारचं नवं संरक्षण धोरण आलं होतं: अण्वस्त्रांवर भर, पायदळात कपात. सुमारे १५ लाखांचं लष्कर १० लाखांवर आणायचं. रिजवेंनी तिथेही विरोध केला. इथे त्यांच्या टीकाकारांचा एक मुद्दा मी मान्य करतो. प्रत्येक दलाचा प्रमुख आपल्या दलाची कपात म्हणजे राष्ट्राचा विनाश असंच म्हणतो, आणि रिजवेही शेवटी लष्कराचेच प्रमुख होते. पण एकीकडे फौज कापायची आणि दुसरीकडे बारा डिव्हिजन गिळणाऱ्या युद्धाकडे बोट दाखवायचं, ही विसंगती त्यांनीच दाखवली होती. संरक्षणमंत्री विल्सन यांना ती रुचली नाही. दोन वर्षांची एक मुदत संपताच ३० जून १९५५ला रिजवे निवृत्त झाले. जाताना त्यांनी लिहिलेलं पत्र वर्तमानपत्रात फुटलं. मंत्र्यांनी ते उडवून लावलं.

'मग तेव्हाच राजीनामा का नाही दिला?' असं विचारणारे असतात. राजीनाम्याबद्दल आपल्याला फार आकर्षण. मला ते नेहमीच पटत नाही. प्रत्येक मतभेदावर राजीनामा देणारा सेनापती निवडून आलेल्या सरकारवर पिस्तूल रोखल्यासारखा असतो, आणि राजीनामा दिला की खोलीत उरतात ते नंदीबैल. बैठकीत बसून, चेहरा पडू न देता, तोच आकडा पाचव्यांदा वाचून दाखवणं जास्त अवघड आहे.

या गोष्टीचा एक धागा आपल्या कोल्हापूरपर्यंत येतो. कोरियातल्या शस्त्रसंधीनंतर, मायदेशी परतायला तयार नसलेल्या २२ हजारांहून अधिक युद्धकैद्यांना सांभाळायला भारताची फौज गेली. तिचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आणि तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या. पुढे १९५९मध्ये लष्करप्रमुख थिमय्यांनी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी खटके उडाल्यावर राजीनामा दिला आणि नेहरूंच्या सांगण्यावरून मागे घेतला. तो राजीनामा आजही चर्चेत असतो. थोरातांनी काय केलं ते फार कमी लोकांना आठवतं. पूर्व विभागाचे सेनापती असताना त्यांनी चीन चढून आला तर ईशान्य सीमेवर काय होईल, आपण कुठे टिकू, कुठे टिकणार नाही, किती फौज लागेल, याचा आराखडा कागदावर मांडला. मार्च १९६०मध्ये लखनौला 'लाल किल्ला' नावाचा सराव घेऊन तो तपासला. दिल्लीत त्या कागदाची किंमत झाली नाही. मेनन यांना चीनकडून धोकाच दिसत नव्हता. १९६१मध्ये थोरात निवृत्त झाले आणि १९६२च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्यांचा कागद सीमेवर एकेका ठाण्याने खरा ठरत गेला.

रिजवे आणि थोरात यांच्या कागदांत मला फारसा फरक दिसत नाही. फरक आहे तो कागद वाचणाऱ्यात. म्हणून 'आपल्याला स्पष्ट बोलणारे सेनापती हवेत' ही मागणी अर्धवट आहे. स्पष्ट ऐकणारा मंत्री आणि 'बाकीच्यांना हे मान्य आहे का?' असं विचारणारा खासदार त्याच्या जोडीला लागतो. ३ एप्रिलच्या त्या खोलीत तो प्रश्न विचारला गेला. लखनौच्या कागदाबद्दल दिल्लीत तो वेळेवर विचारला गेला नाही.

आणि अमेरिका तरी हे शिकली का? २५ फेब्रुवारी २००३ला लष्करप्रमुख जनरल एरिक शिन्सेकींना सेनेटच्या समितीने विचारलं, इराक ताब्यात ठेवायला किती फौज लागेल? ते म्हणाले, काही लाख. ते मंत्र्यांवर उखडले नाहीत, वार्ताहर परिषदही घेतली नाही. निवडून आलेल्या लोकांनी विचारलं म्हणून उत्तर दिलं. दोनच दिवसांत संरक्षण उपमंत्री वुल्फोवित्झ यांनी तो अंदाज साफ चुकीचा ठरवला. जूनमध्ये शिन्सेकी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी इशारा दिला: दहा डिव्हिजनच्या लष्कराला बारा डिव्हिजनचं धोरण झेपत नाही, सांभाळा. बारा. तोच आकडा, एकोणपन्नास वर्षांनी. पुढे काय झालं ते बगदादने पाहिलं.

मला विचाराल तर सेनाप्रमुखाचा असा लेखी अंदाज मागवून घेणं संसदेला बंधनकारक असावं. गोपनीय ठेवा, बंद दाराआड वाचा, पण वाचा आणि वाचल्याची सही करा. निर्णय सरकारचाच राहील. फक्त उद्या 'आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं' म्हणायची सोय राहणार नाही. यावर आक्षेप येईल की अशाने सेनापती प्रत्येक आकडा फुगवून सांगतील, म्हणजे पुढे अंगाशी यायला नको. काही जण फुगवतीलही. फुगवलेल्या आकड्यावर खोदून प्रश्न विचारता येतात. न लिहिलेल्या आकड्यावर विचारता येत नाहीत.

रिजवे ९८ वर्षं जगले. २६ जुलै १९९३ला पिट्सबर्गजवळ वारले. व्हिएतनाम त्यांना पुन्हा पाहावं लागलंच. १९५४च्या त्या खोलीतले जॉन्सन आता राष्ट्राध्यक्ष होते, तिथे पाच लाखांवर अमेरिकी सैनिक होते, आणि मार्च १९६८मध्ये सल्ल्यासाठी बोलावलेल्या जुन्या जाणत्यांत रिजवेही होते. त्याच सुमाराचा एक प्रसंग सांगितला जातो. रिजवे व्हाइट हाउसमध्ये जॉन्सन आणि उपाध्यक्ष हंफ्री यांच्याबरोबर बसले होते. जॉन्सन फोनवर बोलत होते. रिजवे हंफ्रींना म्हणाले, या युद्धाबद्दल एक गोष्ट मला कधीच कळली नाही: तिथल्या सेनापतीला नेमकं काय साध्य करायला सांगितलंय? हंफ्री म्हणाले, चांगला प्रश्न आहे, राष्ट्राध्यक्षांनाच विचारा. जॉन्सन फोन ठेवून परत आले आणि आपल्या अडचणींबद्दल बोलू लागले. ते बराच वेळ बोलत राहिले, आणि प्रश्न विचारायचा राहून गेला.